गंजलेली कुऱ्हाड आणि ढिला दांडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड सापडली. गंजाचे पापुद्रे सुटलेत, धारेला दोन खांडे पडलीत. वेल्डिंगवाला ग्राइंडर मारून चकचकीत करून देतो म्हणतो. द्यावी का? (यावल)

उत्तर : अजिबात देऊ नका. जुन्या कुऱ्हाडीचे मोल तिला दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून-विझवून आणलेल्या कडकपणात असते. ग्राइंडरखाली पातळ धार क्षणात तापते. निळी झाक दिसली की तापमान ३०० अंशांच्या आसपास गेले आणि पाणी उतरले असे समजा. मग तेवढ्या जागी धार मऊ पडते, किती पाजवली तरी वळते. लोहाराचा शिक्का घासून जातो तो वेगळाच.

दांडा काढून तारेच्या ब्रशने सुटा गंज झाडा. प्लास्टिकच्या टपात पाते बुडेल इतके पांढरे व्हिनेगर ओता. १२ ते २४ तास पुरतात, पण मधूनमधून बाहेर काढून पाहा. जास्त राहिले तर चांगले लोखंडही खाल्ले जाते. वर येणारी काळी साय तारेच्या घासणीने निघते. नंतर लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात दहा मिनिटे ठेवा. बाहेर काढताच पुसून उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. इथे रेंगाळलात तर डोळ्यांदेखत नारिंगी गंज चढतो. गंजाखालचा तपकिरी-काळा रंग राहू द्या, तोच तिचे रूप आहे.

बऱ्याच जुन्या घडीव कुऱ्हाडींत अंग मऊ लोखंडाचे आणि धारेला पोलाद जोडलेले असते. व्हिनेगरनंतर पोलादाचा पट्टा अधिक काळपट दिसतो. खांडे काढताना त्या पट्ट्यापलीकडे जाऊ नका, पुढे धार धरणारे काही उरत नाही. पाते व्हाइसमध्ये आवळा, कानस फक्त पुढे जाताना दाबा, मागे येताना उचला. शेवटी कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून धार लावा.

प्रश्न : दर उन्हाळ्यात दांडा ढिला होतो. रात्रभर पाण्यात ठेवला की घट्ट बसतो, पण आठवड्यात पुन्हा तेच. (भुसावळ)

उत्तर : पाण्याने लाकूड फुगते, पण नेढे (पात्यातले दांडा बसवायचे भोक) त्याला फुगू देत नाही. आतले तंतू चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा बारीक होतो. म्हणजे दर वेळी तुम्ही तो स्वतःच ढिला करता. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून नवा दांडा वैशाखातच बसवा. लाकूड तेव्हा सर्वांत सुकलेले असते, पावसाळ्यात आणखी आवळते. लाकूड धावड्याचे सर्वांत चांगले, नाहीतर बाभळीचे. साग कुऱ्हाडीला नको, झटक्याने फाटतो. जंगलातून तोडू नका, आठवडी बाजारातून तयार दांडा घ्या. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या पाहा. मध्येच बाजूला निघून गेल्या असतील तर तो तिथेच मोडेल.

दांड्याच्या टोकाला पाचरीसाठीची चीर नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत घ्या. दांडा बसवून कुऱ्हाड उलटी, पाते खाली लोंबते धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोड्याने ठोका. पाते आपोआप वर चढते. मग सुक्या टणक लाकडाची पाचर मारा. कुदळीसारखा वरून ओवायचा दांडा असेल तर पाचर लागतच नाही, रुंद टोकच पाते अडवते. शेवटी नेढ्याकडचे टोक रात्रभर जवसाच्या तेलात ठेवा. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र चोळामोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात. एकेक पसरून वाळवा.

प्रश्न : जुन्या रंध्याच्या लाकडाला व्हार्निश लावावे का? (अमळनेर)

उत्तर : नको. ओलसर फडक्याने पुसून जवसाचे तेल पातळ चोळा, बस.

प्रश्न : तापीकाठच्या शेतात नांगरताना तांब्याच्या कुऱ्हाडीसारखी वस्तू निघाली. तीही व्हिनेगरनेच साफ करायची का? (शहादा)

उत्तर : हात लावू नका, धुऊही नका. व्हिनेगर हिरवा थर खाऊन टाकते आणि त्याबरोबर पृष्ठभागावरच्या खुणाही जातात. तुमच्या जवळच्या प्रकाशे इथे १९५५ च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली आहे, तेव्हा ही वस्तूही तितकीच जुनी असू शकते. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर आणि खोली आजच लिहून ठेवा, जागेचा फोटो काढा. पुन्हा नांगर फिरला की ती जागा सापडणार नाही.