उकळत्या नळ्यांमधला प्रवाह झुलतो, व्हॉल्व्ह कुठे आवळायचा?

तुमची अडचण अशी: दोन समांतर उभ्या नळ्यांत पाणी उकळतं, पंप एकसारखा चालतो, तरी दर 3-4 सेकंदांनी एकीतला प्रवाह चढतो तेव्हा दुसरीतला उतरतो. वरचा व्हॉल्व्ह आवळला की हे वाढतं. पंप बदलावा का?

पंपाला हात लावू नका. एकूण पाणी पंप ठरवतो, पण दोन्ही नळ्या त्याच दोन हेडरना, म्हणजे खालच्या आणि वरच्या सामाईक नळांना, जोडलेल्या असल्यामुळे वाटणी नळ्याच आपसात ठरवतात.

हे डेन्सिटी वेव्ह ऑसिलेशन दिसतंय, म्हणजे जड-हलक्या पट्ट्यांच्या लाटेमुळे प्रवाहाचं झुलणं. आत येणारं पाणी क्षणभर घटलं की तेवढ्याच उष्णतेत वाफ जास्त होते. हा हलका पट्टा वर सरकायला वेळ घेतो, त्यामुळे वरच्या भागातला प्रेशर ड्रॉप (दाबातली घट) उशिरा बदलतो. टोकांमधला दाबाचा फरक तर बांधलेला. मग भरपाई खालच्या पाण्याला करावी लागते आणि प्रवाह पुन्हा हलतो. एका झोक्याचा काळ पाण्याला नळी पार करायला लागणाऱ्या वेळेच्या साधारण दीड ते दोन पट असतो. तुमच्या नळीत हा वेळ 2 सेकंदांच्या आसपास येतोय का, हे आधी मोजा.

खालच्या तोंडाशी निव्वळ पाणी असतं. तिथला अडथळा प्रवाहाबरोबर त्याच क्षणी बदलतो आणि झुलणं दाबतो. वरचा अडथळा उशिरा बोलतो, झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या धक्क्यासारखा. म्हणून वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि प्रत्येक नळीच्या खालच्या तोंडाशी स्वतंत्र व्हॉल्व्ह किंवा ओरिफिस (लहान भोकाची चकती) बसवा. हेडरच्या आधी एकच व्हॉल्व्ह लावला तर दोन नळ्यांमधली ही रस्सीखेच थांबत नाही. हीटर स्थिर ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच, हळूहळू आवळा. झुलणं मेलं की मगच उष्णता थोडी थोडी वाढवा. फ्लोमीटर आळशी असतो, मी प्रेशर ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, भरवसा ठेवेन.

झोका अर्ध्या मिनिटाचा असेल आणि त्यावर छोटे झोके स्वार असतील, तर दोष वेगळा. व्हॉल्व्ह आणि हीटर यांच्यामध्ये कुठेतरी हवा अडकलीय किंवा रबरी होज फुगतोय. पाणी आधी उकळून हवा काढा, तेवढा तुकडा स्टीलचा करा. आणि प्रवाह झुलण्याऐवजी एकीतून उडी मारून दुसरीकडेच स्थिरावला, तर ती लेडिनेग या संशोधकाने 1938 मध्ये मांडलेली अस्थिरता. तिच्यावरही तोंडाशी अडथळा हाच उपाय.

दाब वाढवल्यानेही झुलणं कमी होतं, कारण पाणी आणि वाफ यांच्या घनतेतला फरक घटतो. वातावरणाच्या दाबाला पाणी वाफेपेक्षा सुमारे 1600 पट जड असतं, 70 बारला जेमतेम 20 पट. पण नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या दाबाचे असतील तरच.

बंद करताना आधी हीटर, मग पंप. उष्णता तशीच ठेवून प्रवाह घटवणं सर्वांत वाईट. मार्च 1988 मध्ये इलिनॉयमधल्या ला सॉलच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणी भट्टीतून पुन्हा पुन्हा फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले, भट्टीची शक्ती झुलू लागली आणि ती ठरलेल्या पूर्ण शक्तीच्या 118 टक्क्यांवर जाताच भट्टी आपोआप बंद झाली. तिथे न्यूट्रॉनांचाही हात होता, पण सुरुवात कमी प्रवाहापासूनच झाली.