दंड भरून सुटलेला पोरगा

प्रिय मुली,

गर्द (हेरॉइन) ओढताना पकडलेल्या पोराला तू एका सकाळीत मोकळं केलंस. गुन्हा कबूल, दंड भरला, चल घरी. तुझा आनंद कळला; वकिलीच्या सुरुवातीला मीही हेच करायचे. माझा एक अशील असाच सुटला आणि चार महिन्यांनी परत आरोपीच्या पिंजऱ्यात. या वेळी मोबाइलचोरी. सरकारी वकिलांनी आधीची शिक्षा दाखवून जामिनाला विरोध केला. ती कबुली मीच द्यायला लावली होती.

म्हणून पुढच्या वेळी कबुलीआधी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४ अ काढ. अमली पदार्थाच्या सेवनाचा किंवा तो अल्प प्रमाणात सापडल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. अर्ज करण्याआधी व्यसनमुक्ती केंद्राच्या मान्यतेचा कागद स्वतः पाहा, पाटीवर जाऊ नकोस. पंचनाम्यातलं वजनही तपास. हेरॉइनची अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, आणि पुडीसकट तोललेलं मी पाहिलंय.

खरी अडचण वेगळीच आहे. हे कलम व्यसनी माणसासाठी आहे, मग तो व्यसनी आहे हे सिद्ध कशानं करणार? पुरावा रिमांडच्या दिवशी तुझ्यासमोर उभा असतो: जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, पोटात कळा. नशा न मिळाल्यावरच्या या त्रासाला पोरं ‘टर्की’ म्हणतात. तिथल्या तिथे वैद्यकीय तपासणी माग आणि नोंद करून घे. दोन आठवड्यांनी ही लक्षणं कोणालाच दिसणार नाहीत.

पण टर्कीत असताना उपचारासाठी त्याची संमती घेऊ नकोस. तेव्हा तो कशालाही हो म्हणेल. थोडा सावरल्यावर, आईला बाहेर बसवून विचार. आई रडून हो म्हणते, पण कायद्याला त्याचं हो लागतं. दोषी ठरलाच तर कलम ३९ आहे: त्याच्या संमतीने, बंधपत्रावर न्यायालय त्याला उपचारासाठी सोडू शकतं आणि वर्षाच्या आत अहवाल मागतं. चोरीच्या गुन्ह्याला मात्र यातलं काही लागू नाही. तिथे १९५८ चा परिवीक्षा कायदा बघ, तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणारा.

मनोरुग्णांच्या बाबतीत घाई जास्त नडते. भान हरपून रस्त्यावर फिरणाऱ्याला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही. घरचे म्हणतील, ‘वेडा म्हणून सोडवा.’ सायकलचोरीसाठी तो बचाव घेण्याआधी दहादा विचार कर. निर्दोष सुटूनही त्याची रवानगी येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात होऊ शकते, आणि तिथून घरी कधी जाईल याची तारीख निकालपत्रात नसते.

तुझ्या त्या पोराचा नंबर फाइलमध्ये असेलच. केस संपली, हे खरं. तरी फोन कर आणि जवळच्या केंद्राची ओपीडी कोणत्या वारी असते तेवढं सांग.

तुझी,
ताई