दुबईच्या खाजगी शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळत असेल तर इथली विनाअनुदानित शाळा सोडून जावे का?

तुम्ही लिहिलंय की लातूरकडच्या विनाअनुदानित शाळेत गणित शिकवता, हातात ९,००० पडतात, आणि दुबईच्या एका सीबीएसई शाळेने ४,२०० दिरहम देऊ केलेत. शेवटी असंही लिहिलंय की घरचे म्हणतात, 'थांब जरा, इथेच कुठेतरी पर्मनंट होशील.' एरवी मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

जा. आता का ते सांगते.

मी कराड तालुक्यातली. एमएस्सी, बीएड. २०१४ साली मीही एका विनाअनुदानित शाळेत होते. सही एका आकड्यावर, हातात दुसराच आकडा. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास जवळच्या एका अनुदानित हायस्कुलात विज्ञानाची जागा 'निघणार' अशी कुणकुण लागली. मग संस्थेचा एक माणूस घरी आला. चहा झाला, उसाच्या तोडीची चौकशी झाली, आणि उठता उठता त्याने बिल्डिंग फंडाचा विषय काढला. बारा लाख. निम्मे आधी, निम्मे ऑर्डर हातात आल्यावर. आप्पांनी विहिरीकडचा अर्धा एकर काढायचं ठरवलं. दादाने तर गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. मला कोणी विचारलं नाही, कारण पोरीच्या नोकरीसाठी बाप जमीन विकतोय म्हटल्यावर पोरीने काय बोलायचं?

पण मी बोलले. त्या माणसाला विचारलं, 'नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता कधी मिळेल?' तो म्हणाला, 'ते साहेबांकडून होऊन जाईल, ताई.' आता शिक्षक भरतीवर २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने बंदी होती. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं समायोजन, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळांत सामावून घेणं, झाल्याशिवाय नवी नेमणूक नाही, हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला पाठ होतं. मी त्याची प्रिंट काढून आप्पांपुढे ठेवली. दादा म्हणाला, 'कागद वाचून नोकऱ्या लागत नाहीत.' हे वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे.

दुबईच्या शाळेची मुलाखत मी तोवर पुण्यात एका हॉटेलात देऊन आले होते. डेमो लेसन, मग प्राचार्यांशी बोलणं, मग आकडा: ३,५०० दिरहम. तेव्हा दिरहम सोळा रुपयांच्या आसपास होता. घरात सांगितलं तेव्हा दादाचा पहिला शब्द, 'अरबाच्या पोरांची शेंबडं पुसायला जाणार?' (वर्गात अरब एकही नव्हता. निम्मी पोरं केरळची होती आणि दहावीच्या फिजिक्सला त्यांनी माझाच घाम काढला.) वहिनी मध्ये पडल्या नसत्या तर त्या रात्री भांडण कुठवर गेलं असतं कोण जाणे. शेवटी आप्पाच म्हणाले, जमीन राहू दे, हिला जाऊ दे. ती जमीन आहे अजून. त्यात ऊस दादाच घेतो.

ती हायस्कुलातली जागा शेजारच्या गावातल्या एका मुलाने घेतली. पैसे भरले, ऑर्डर मिळाली, हजेरीपटावर नाव लागलं. पगार मात्र नाही, कारण मान्यता नाही. आणि मान्यता नाही म्हणून शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारासाठी लागणारा नंबर, नाही. तो बिचारा कितीतरी वर्षं शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात फाईलमागे फिरला. मी परत यायच्या थोडं आधी एकदाची त्याची मान्यता आली, तर दादा मला म्हणतो, 'मिळाली ना शेवटी? त्याला पेन्शन आहे, तुला काय आहे?' १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे दादाला माहीत नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये त्याच जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्यात तो मुलगाही होता. मी नेमकी तेव्हाच सामान बांधत होते.

आता तुमच्या ऑफरचं बघू.

४,२०० हा आकडा बाजूला ठेवा आणि त्यातलं बेसिक किती ते विचारा. शाळा पगाराचे तुकडे करतात: बेसिक, घरभाडं, प्रवास, 'इतर'. ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. बेसिक १,६०० लावलं तर वर्षाला साधारण १,१२० दिरहम जमतात. ३,००० लावलं तर २,१००. वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलंत तर काहीच नाही. माझं बेसिक १,४०० होतं. मी मुलाखतीतच विचारलं होतं, तर एचआरच्या बाई म्हणाल्या, सगळ्यांचं असंच असतं. ते खरंही होतं, पण विचारल्यामुळे पुढच्या वेळी करार नवा करताना आकडा वाढवून मागायला तोंड राहिलं. आता एक बरं झालंय, नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे आणि स्वतःहून राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी कापत नाहीत. आमच्या वेळी दोन-तीन वर्षांत सोडून जाणाऱ्या बायकांची मोठी रक्कम त्यात जायची.

राहायला शाळा देणार का? नसेल तर बेड स्पेस घ्यावी लागेल, म्हणजे खोलीत एक पलंग. शारजाच्या बाजूला स्वस्त पडते, पण मग रोज सकाळी दुबईच्या वाटेवरचा ट्रॅफिक. शाळेची बस शिक्षकांना घेते का ते विचारून घ्या. माझ्या हिशेबाने एकटी बाई ४,२०० मधले निम्मे तरी वाचवते. दिरहम तेवीस रुपयांचा जरी धरला तरी इथल्या तुमच्या पगाराच्या पाचपट. दिरहम डॉलरला बांधलेला आहे (एका डॉलरला ३.६७२५), त्यामुळे रुपया घसरला की घरी पाठवायच्या पैशात वाढच होते.

डिग्रीचं अटेस्टेशन आत्ताच सुरू करा. विद्यापीठाची पडताळणी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीचा वकिलातीचा शिक्का, आणि तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. एजंट 'अपोस्टील (काही देशांत चालणारा एकच शिक्का) करून देतो' म्हणाला तर दुसरा एजंट बघा, अमिरातीला अपोस्टील चालत नाही. व्हिजिट व्हिसावर येऊन रुजू व्हा म्हणणाऱ्या शाळेला सरळ नाही म्हणा. व्हिजिटवर काम करणं बेकायदेशीर आहे आणि पकडलं तर त्रास तुम्हाला होतो. व्हिसाचा खर्च आणि आरोग्य विमा शाळेने करायचा असतो. पासपोर्ट 'सेफ कस्टडीत' ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका, मालकाने तो ठेवून घेणं तिथे कायद्याने बंद आहे. उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टची. पहिल्या वर्षी त्या दोन महिन्यांचा पगार मिळणार का, हे लेखी घ्या. काही शाळा इथेच हात आखडता घेतात.

काम भरपूर आहे. आमच्या वेळी दुबईत केएचडीएचं (खाजगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचं) इन्स्पेक्शन असायचं आणि त्याच्या शेऱ्यावर शाळेची फीवाढ ठरायची, त्यामुळे तो आठवडा जवळ आला की मॅनेजमेंट आमच्या लेसन प्लॅनमधले स्वल्पविरामसुद्धा तपासायची. प्रॉक्सी तासांना, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास घेण्याला, अंत नाही. पण पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत पूर्ण येतो, आणि नऊ वर्षांत मला कोणी 'सही कर, निम्मे परत आण' म्हणालं नाही. आपल्याकडच्या किती बायकांना हे म्हणता येईल?

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, त्यात चालून जातं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुम्ही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टीएआयटी (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) दिली असेल, गुण चांगले असतील आणि सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर खरोखर नंबर लागण्यासारखा असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. माध्यमिकला शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं १८,००० मानधन आणि पुढे वेतनश्रेणी. ते कोणाच्या खिशात काही न घालता मिळतं. घरचे 'पर्मनंट' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे आहे की बिल्डिंग फंड, तेवढं विचारून घ्या. दुसरं, परत आल्यावर तिकडची वर्षं इथल्या अनुदानित शाळेत धरत नाहीत. मी आता साताऱ्यात एका खाजगी सीबीएसई शाळेत आहे, पगार बरा आहे, पण सरकारी दरवाजा वयाने बंद झाला. आणि नवऱ्याला-मुलांना न्यायचं असेल तर स्पॉन्सर करायला ४,००० पगार लागतो, किंवा ३,००० आणि घर. तुम्ही काठावर बसता, तेव्हा शिक्षकांच्या मुलांना फीत किती सूट आहे ते आधीच विचारा.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने असतं. त्यात नाही पटलं आणि देश सोडून परत यायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. (करारात खर्चवसुलीचं एखादं कलम टाकलंय का, ते सही करायच्या आधी वाचा.) म्हणजे एप्रिलात गेलात आणि जमलं नाही, तर दिवाळीला लातुरात असाल, फार तर विमानाचं तिकीट अंगावर पडेल. बारा लाख देऊन घेतलेली नोकरी अशी सोडता येत नाही. दादाला हे सांगितलं की तो अजूनही त्या मुलाच्या मान्यतेचा विषय काढतो.