एक सेट-टॉप बॉक्स आणि चार खोल्या

प्रश्न : डिचोली तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित चिरेबंदी घराची दुरुस्ती सुरू आहे. बैठकीची खोली, दोन निजण्याच्या खोल्या आणि राजांगणापलीकडची (घराच्या मधल्या चौकापलीकडची) आईची खोली अशा चार ठिकाणी टीव्ही बसवायचे आहेत. पूर्वी केबलच्या एकाच वायरीला फाटे काढून घरभर टीव्ही चालत असत. आता एकच एचडी सेट-टॉप बॉक्स घेऊन तसे करता येईल का? गिलावा होण्यापूर्वी भिंतींतून कोणत्या वायरी घालून घ्याव्यात?

उत्तर : जुन्या केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकाच वेळी वायरीतून येत आणि हवी ती वाहिनी निवडण्याचे काम प्रत्येक टीव्ही स्वतः करीत असे, म्हणूनच फाटे काढून भागत होते. २०११ मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने देशभरातील केबल डिजिटल झाली. आता वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात येतात, ते कुलूप सेट-टॉप बॉक्स उघडतो आणि साधा बॉक्स एका वेळी एकाच वाहिनीचे चित्र बाहेर देतो. त्यामुळे एका बॉक्सवर चार टीव्ही चालतील हे खरे असले, तरी चौघांनाही एकच वाहिनी पाहावी लागेल. वायरींचा विचार करण्यापूर्वी घरातल्यांना एवढेच विचारावे, की सगळ्या खोल्यांत एकच चित्र हवे आहे की वेगवेगळे? चवथीला घर भरलेले असताना मुलांना क्रिकेट हवे असेल आणि आईंना भजन, तर एका बॉक्सची युक्ती पहिल्याच संध्याकाळी अपुरी पडेल.

एकच चित्र चालणार असेल, तर बॉक्सच्या एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या) जोडणीला स्प्लिटर, म्हणजे एकाचे अनेक फाटे करणारे उपकरण, जोडतात. मात्र एचडीएमआयची साधी तांब्याची वायर लांब पल्ल्याची नसते. फुल एचडी चित्र चांगल्या प्रतीच्या वायरीतून दहा मीटरपर्यंत सहसा नीट जाते, पण फोरके (4K) चित्रात ठिपके चौपट असल्याने तीन ते पाच मीटरनंतरच भरवसा कमी होऊ लागतो. राजांगणाला वळसा घालून आईंच्या खोलीपर्यंत जायचे, तर वीस-पंचवीस मीटर सहज होतील. अशा ठिकाणी कॅट-६ या नेटवर्कच्या वायरीवर चालणारी एक्स्टेंडरची जोडी वापरावी. तिचे एक टोक बॉक्सपाशी आणि दुसरे टीव्हीपाशी बसते. एचडीबेस-टी प्रकारच्या जोडीतून फुल एचडी चित्र शंभर मीटरपर्यंत नेता येते. घेताना रिमोटचा संदेश उलट दिशेने बॉक्सपर्यंत पोहोचवण्याची सोय आहे ना, हे आवर्जून पाहावे. ती नसेल, तर वाहिनी बदलण्यासाठी आईंना दर वेळी बैठकीच्या खोलीपर्यंत चालत जावे लागेल.

स्प्लिटर लावल्यावर नेहमी येणाऱ्या दोन अडचणी आधीच ठाऊक असाव्यात. चार टीव्हींपैकी एखादा जुना आणि कमी क्षमतेचा असेल, तर बॉक्स सर्वांना झेपेल असेच चित्र देतो आणि नव्या टीव्हीवरही ते फिके दिसते. दुसरी अडचण नकलेपासून संरक्षण देणाऱ्या एचडीसीपी या व्यवस्थेची. बॉक्स आणि टीव्ही यांच्यात ओळख पटल्याशिवाय चित्र सोडले जात नाही आणि साखळीतील एक उपकरण जरी ती ओळख देऊ शकले नाही, तरी पडदा काळा राहतो. दुकानदार अशा वेळी टीव्ही बिघडल्याचे सांगतो; आपण मात्र आधी बॉक्स थेट टीव्हीला जोडून पाहावा.

माझे मत विचाराल, तर आईंच्या खोलीत स्वतंत्र बॉक्स द्यावा. त्याच खात्यावरील दुसरी जोडणी सहसा पहिल्यापेक्षा स्वस्त पडते आणि त्यांना लागतात तेवढ्याच वाहिन्या घेता येतात. एक्स्टेंडर, स्प्लिटर आणि त्यांचे अडॅप्टर एवढी साखळी सांभाळण्यापेक्षा वृद्ध माणसाला एक बॉक्स आणि एक रिमोट कधीही बरा.

वायरींच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. बैठकीच्या खोलीत एक मध्यवर्ती जागा ठरवावी आणि तेथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र पाईप न्यावा. एका खोलीतून पुढच्या खोलीत अशी माळ ओवू नये, कारण मध्ये एक सांधा सुटला की पुढच्या सर्व खोल्या बंद पडतात. २५ मिलिमीटरच्या पाईपात प्रत्येक खोलीसाठी दोन कॅट-६ आणि एक आरजी-६ (केबल किंवा छत्रीसाठी लागणारी) वायर घालावी, शिवाय पुढे एखादी वायर ओढून घेता यावी म्हणून नायलॉनची दोरी आत सोडून ठेवावी. विजेच्या वायरी याच पाईपात घालू नयेत. पाईपाला काटकोनी एल्बो न लावता मोठ्या गोलाईचा बाक द्यावा, नाहीतर वायर ओढताना अडकते किंवा मुडपते. कॅट-६ घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का, हे टोक खरवडून पाहावे. आतून पांढरे निघाले, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. अशी वायर स्वस्त मिळते, पण ओढताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

वाय-फाय असताना हा खटाटोप कशाला, असे गवंडी किंवा धाकटी मंडळी विचारतील. चिऱ्याची जाड भिंत, विशेषतः पावसाळ्यात ओल धरल्यावर, वाय-फायचा जोर बराच शोषून घेते आणि अशा दोन भिंती मध्ये आल्या की चित्र अडखळू लागते. इंटरनेटवरून फुल एचडी पाहण्यास प्रत्येक टीव्हीला साधारण ५ आणि फोरकेला १५ ते २५ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) वेग लागतो. कॅट-६ वायर १००० एमबीपीएस वाहून नेते, म्हणजे चार खोल्यांत चार निरनिराळे कार्यक्रम ती सहज पुरवील. उद्या आपण केबल किंवा डिश सोडून पूर्णपणे इंटरनेटवर गेलात, तरी भिंतीतली हीच वायर उपयोगी पडेल.

प्रश्न : फोंड्यातील आमच्या सदनिकेत एकाच छत्रीवर (डिश अँटेनावर) दोन सेट-टॉप बॉक्स आहेत. तंत्रज्ञाने छत्रीच्या वायरीला छोटा स्प्लिटर लावून दिला. बैठकीच्या खोलीतील टीव्ही नीट चालतो, पण निजण्याच्या खोलीत काही वाहिन्या मध्येच गायब होतात आणि काही वेळाने आपोआप परत येतात. पावसाचा यात काही संबंध आहे का?

उत्तर : पावसाचा संबंध असता, तर दोन्ही टीव्ही एकदमच बंद पडले असते. दोष स्प्लिटर लावण्यात आहे. छत्रीच्या पुढे दांडीवर जो डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहावरून लहरी दोन ध्रुवीकरणांत, म्हणजे उभ्या आणि आडव्या अशा दोन तऱ्हांनी, येतात आणि त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या, हे बॉक्स एलएनबीला वायरीतूनच विद्युतदाबाने कळवतो : १३ व्होल्ट म्हणजे एक, १८ व्होल्ट म्हणजे दुसरे. एकाच वायरीवर दोन बॉक्स बसवले, की बैठकीच्या खोलीतून १८ व्होल्ट जात असताना एलएनबी त्याच बाजूला वळतो आणि १३ व्होल्टवरच्या वाहिन्या निजण्याच्या खोलीत दिसेनाशा होतात. बैठकीतल्यांनी वाहिनी बदलली, की त्या परत येतात. आपल्याला पावसाची शंका आली, ती यामुळेच. कंपनीच्या सर्व वाहिन्या एकाच ध्रुवीकरणात असतील, तर असा स्प्लिटर चालूनही जातो, म्हणून काही घरांत ही तक्रार येत नाही.

उपाय एकच आहे. दोन तोंडांचा एलएनबी बसवून घ्यावा आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून स्वतंत्र आरजी-६ वायर आणावी. चार बॉक्स असतील, तर चार तोंडांचा घ्यावा. संपूर्ण इमारतीसाठी मल्टिस्विच नावाचे उपकरण लागते. तंत्रज्ञ गच्चीवर जाईलच, तेव्हा वायरींची टोकेही तपासून घ्यावीत. गेल्या वर्षी म्हापशाजवळच्या एका घरी मी एलएनबीपाशी वायरीचे टोक उघडले, तर पितळी जोडावर हिरवा कळंक चढला होता आणि मधल्या तारेवरचे तांबे जाऊन आतले पोलाद गंजले होते. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांपुढे उघडा जोड टिकत नाही. जोडावर स्वतःला चिकटणारी रबराची पट्टी घट्ट गुंडाळावी आणि वायर भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडते आणि खोलीत येत नाही.

प्रश्न : पेडण्यात आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आहेत. मुख्य घरातून तेथे टीव्हीसाठी कॅट-६ वायर उघड्यावरून नेली होती. गेल्या मे महिन्यात वीज कडाडली आणि दोन्ही बाजूंची उपकरणे जळाली. परत तीच वायर घालावी का?

उत्तर : घालू नये. दोन इमारतींमधील तांब्याची वायर विजेच्या लोटाला सरळ घरात येण्याची वाट देते. जमिनीतून पाईप टाकून ऑप्टिकल फायबर न्यावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे परत विजेच्या संदेशात रूपांतर करणारी उपकरणे, लावावीत. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र फायबरच्या आवरणात किंवा आधाराला धातूची तार नसावी, हे विकत घेतानाच पाहून घ्यावे. छत्रीच्या खांबाला अर्थिंग करून घ्यावे आणि मेघगर्जना सुरू होण्यापूर्वीच प्लग व छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावीत. रिमोटने टीव्ही बंद केल्याने संरक्षण मिळत नाही. या खोल्या भाड्याने देत असाल, तर तेथे घरगुती जोडणी न वापरता कंपनीकडे व्यावसायिक जोडणीची चौकशी करावी.