बसमध्ये बाळाला अंगावर पाजायची लाज वाटते, काय करू?

तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे, पुण्याहून लातूरला माहेरी बसने जायचंय, लोकांसमोर पाजायची लाज वाटते आणि मिस्टर म्हणतात, प्रवासापुरती बाटली दे. म्हणून विचारताय, काय करू?

ताई, बसमध्येच पाजा.

माझी लेक तीन महिन्यांची असताना नात्यातल्या एका लग्नात भुकेने रडायला लागली. मी खुर्चीवर बसूनच तिला पदराखाली घेतलं, तर घरातल्याच एका बाईंनी दंडाला धरून उठवलं. "चारचौघांत काय हे! पाहुणे बघतायत." मला भांड्यांच्या खोलीत नेलं. गॅसच्या टाक्या, बटाट्याची पोती, पायाखाली ओल. बसायला एक पालथं पातेलं. बाहेर पंगती उठत होत्या आणि आत माझं बाळ घामाने निथळत होतं, दोन घोट घेऊन तोंड सोडून रडत होतं. मी निमूट उठून गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्याच गावात कांदा काढायला आलेल्या बाया दिसल्या. बाभळीच्या सावलीत एकजण लेकराला पाजत बसली होती, चार हातांवर मुकादम हजेरी लिहीत होता. कुणी मान वळवून पाहिलं नाही. माझी आजीसुद्धा ओसरीवर बसून पाजायची म्हणे. पदर घ्यायची तो दृष्ट लागू नये म्हणून, लाजेपोटी नव्हे. ही लाज आपल्यासारख्या शिकलेल्या घरांनीच जास्त कवटाळली, असं माझं मत आहे. आणि पहिली टोकणारी बहुतेक वेळा बाईच असते, हे जास्त लागतं.

रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. बसस्थानकांवरच्या कक्षाला तिचंच नाव आहे. वाटेत तो उघडा, स्वच्छ मिळाला तर जरूर वापरा. पण कक्ष सोयीसाठी आहे, तिथेच पाजलं पाहिजे असं बंधन नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की सार्वजनिक ठिकाणी वा कामाच्या जागी अंगावर पाजण्याला कलंक मानता कामा नये. कुणी टोकलंच तर एवढंच म्हणा, "बाळाला भूक लागलीय." आणि पाजत राहा. स्वच्छतागृहात मात्र कुणीही सांगितलं तरी जाऊ नका. आपण तिथे बसून जेवतो का?

बाटलीचं म्हणाल तर सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, असंच डॉक्टर सांगतात. प्रवासात बाटली उकळणार कुठे? शिवाय तेवढे तास पाजलं नाही तर छाती दाटते, गाठी होतात, कळा येतात. ते दुखणं मी काढलंय.

खिडकीची जागा घ्या, शेजारी मिस्टरांना बसवा. पुढून उघडणारा कुर्ता आणि सुती ओढणी पुरे. ओढणी खांद्यावरून सोडा, बाळाच्या तोंडावर नको, गुदमरतं. घरी दोन दिवस आरशासमोर बसून पाजून बघा. बाहेरून काहीच दिसत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की निम्मी धास्ती जाते. बाळ मूठ चोखायला लागलं, मान इकडेतिकडे वळवायला लागलं की लगेच घ्या. रडेपर्यंत थांबलात तर सगळी बस बघते आणि तुमचाही जीव घाबरा होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर मानेखाली हात घट्ट ठेवा.

आणि मिस्टरांना बाटली भरायचीच असेल तर पाण्याची भरू दे, तुमच्यासाठी. पाजताना घशाला फार कोरड पडते.