मेस्त्रीकाका, ओतीव बेअरिंग काढून शेल घालू का?

प्रश्न : मेस्त्रीकाका, आजोबांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ए बरीच वर्षं घराच्या शेडमध्ये उभी होती. यंदा चालू केली. सपाटीला बरी चालते, पण जोतिबाच्या चढाला आतून ठोका येतो. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ओतीव बेअरिंग काढून टाका आणि आजच्या गाड्यांसारखी शेल, म्हणजे तयार मिळणारी पातळ अर्धगोल बेअरिंग, घाला, परत बघायला नको. बाबा म्हणतात, मूळ इंजिनाला हात लावायचा नाही. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ठोका कुठला आहे ते ओळखा. इंजिन गरम झालं की लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर प्लगच्या डोक्याला आणि हेडला एकदम टेकवून एकेक प्लग बंद करत जा. ज्याला बंद केल्यावर आवाज मरतो, त्या रॉडचा बिग एंड, म्हणजे क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला) धरणारं टोक, ढिला. आवाज जाड असेल, पोटातून येत असेल आणि भार पडला की वाढत असेल, तर संशय मेन बेअरिंगवर, म्हणजे क्रँकला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगवर.

मग सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवा. बेअरिंगच्या टोपीच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्या दिसतील, त्या शिमा. शिमा शिल्लक असतील आणि बेअरिंगच्या आतल्या पांढऱ्या धातूला तडे नसतील, तर दोन्हीकडची एकेक पत्री काढली की ढिलेपणा भरून निघतो. ती सोय त्याचसाठी आहे. कुणी टोपी कानशीने घासून देतो म्हणाला तर गाडी तिथून परत आणा. घासलेल्या टोपीचं भोक गोल राहत नाही, आणि ते पुन्हा गोल करायला मोठं काम काढावं लागतं.

तुमच्या इंजिनाचं बेअरिंग विकत घेऊन घातलेलं नाही, ते तिथेच ओतलेलं आहे. हा धातू आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये काढला. आमच्याकडे त्याला व्हाइट मेटल म्हणतात. नेहमीच्या मिश्रणात कथील ८९ टक्के, अँटिमनी साडेसात आणि तांबं साडेतीन. मी १९७१ मध्ये उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा गुऱ्हाळाच्या इंजिनांचे रॉड रोज ओतायला यायचे. वस्तादांनी पहिले तीन महिने मला धातूच्या भांड्याजवळ फिरकू दिलं नाही, फक्त कल्हई करायला लावली. रॉड घासून, नवसागर लावून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. धातू ४२० अंशांच्या आसपास तापवून ओततात, पण रॉडला तो धरून ठेवते ती कल्हई.

हे मी चूक करून शिकलो. १९७८ मध्ये एका टॅक्सीचा रॉड घाईत ओतला. वरून आरशासारखा दिसत होता. आठ दिवसांत धातूचा पापुद्रा सुटून सम्पमध्ये पडला आणि क्रँकवर चरे गेले. त्या ड्रायव्हरचं महिन्याभराचं उत्पन्न बुडालं. तेव्हापासून ओतलेला रॉड रात्रभर रॉकेलमध्ये ठेवल्याशिवाय मी बाहेर दिलेला नाही. सकाळी कोरडा पुसायचा आणि धातू-पोलादाच्या सांध्यावर खडू फासायचा. खडूवर ओली रेघ उमटली, की धातू तिथे धरलेला नाही. तुम्ही कुणाकडूनही ओतून घेतलंत, तर तुमच्यासमोर ही परीक्षा करायला सांगा.

आता शेल. पोलादी पाठीचा पातळ अर्धगोल आणि आत धातूचं अगदी पातळ अस्तर. अस्तर पातळ असल्यामुळेच ते मार जास्त सोसतं. जाड ओतीव थराला मार खाऊन खाऊन तडे जातात. झिजलं की जुनं काढून नवं घालता येतं, हा मोठा फायदा. पण गॅरेजवाल्याने अर्धीच गोष्ट सांगितली. शेल म्हणजे नुसतं सामान आहे, खरं काम त्याच्या घराचं, म्हणजे ते बसतं त्या जागेचं. ब्लॉकमधली तिन्ही मेनची घरं एका रेषेत, एका मापात बोअर करावी लागतात. शेलची टोकं टोपीच्या सांध्यापेक्षा केसभर वर राहतात, टोपी आवळली की ती दाबली जाऊन शेल घट्ट बसतं. शेलला जागच्या जागी धरतो तो हा दाब. बाजूची छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवते. ती टोकं घासणारा माणूस सगळं काम वाया घालवतो. क्रँकही ग्राइंड करून गोल हवा. मेनचं जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, १⅝ इंचाचं, म्हणजे त्याच्या आणि शेलच्या मधली फट साधारण १.५ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा अंदाजाने चालत नाही.

आणखी एक. मॉडेल एमध्ये पंप ऑइल वर चढवतो आणि ते आपल्या वजनाने मेनवर उतरतं. रॉडला तर टोपीखालच्या चमच्याने उडवलेलं ऑइल मिळतं. रॉडच्या शेलला चमच्यासमोर भोक नसेल, तर ऑइल जर्नलपर्यंत पोचणारच नाही. मागचं मेन क्रँकचा पुढे-मागे होणारा रेटाही घेतं. तिथे साधं शेल घालून भागत नाही. आणि या इंजिनाला मुळात ऑइल फिल्टर नाही. मऊ जाड धातू कचरा पोटात घेतो, कडक अस्तराचं शेल तोच कचरा क्रँकवर घासतं. घालायचीच तर पांढऱ्या धातूच्या अस्तराची शेल मागा.

माझं मत विचाराल तर, मेनचा धातू अखंड असेल तर बाबांचं ऐका. मेन तशीच ठेवा, शिमा काढा, ढिला रॉड तेवढा पुन्हा ओतून घ्या. मेनचा धातूच फुटला असेल, तर मन खाऊ न देता शेल घाला, पण आधी लाइन बोअरिंग, म्हणजे घरं एका रेषेत बोअर करायचं काम, कोण करणार आणि कशावर करणार ते डोळ्यांनी बघून या.

प्रश्न : बेअरिंगचं काम झाल्यावर पहिल्यांदा इंजिन कसं चालू करावं? ऑइल किती दिवसांनी बदलावं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचीही मॉडेल एच आहे असं धरतो. कोरडं इंजिन फिरवू नका. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) काढून त्या भोकातून अर्धा लिटर ऑइल ओता, ते वरच्या कप्प्यातून मेनपर्यंत जातं. मग हँडलने हाताने फिरवून बघा. जड पण एकसारखं फिरलं पाहिजे, कुठे अडलं तर तिथेच थांबा. ऑइल ८०० किलोमीटरला बदला. आणि चढाला गिअर लवकर उतरवा, टॉपमध्ये रेटू नका. बेअरिंगला सगळ्यात जास्त मार तिथे बसतो.