महापालिकेचे कर्मचारी आणि आपली जिम: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा हे बहुतेक गावांतले मोठे नोकरदाते आहेत. त्यांच्या कर्मचाऱ्यांशी आपल्या जिमचं नातं कसं जोडायचं, हे विचारणारी बरीच पत्रं आली. जिममालकांची तर आहेतच, पण एक पत्र पालिकेच्या आतूनही आलं आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतो.

प्रश्न: माझी 2,200 चौरस फुटांची जिम महापालिकेच्या कार्यालयापासून पाच मिनिटांवर आहे. कर्मचाऱ्यांना सवलत देण्याबद्दल आयुक्तांच्या नावे निवेदन दिलं. आवक विभागाची पोच मिळाली, पण तीन महिने काहीच हालचाल नाही. कुणाला भेटू? (इचलकरंजी)

तुमचं निवेदन अडवून कुणी बसलं नसणार. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असा शेरा पडून ते खाली आलं असेल आणि पुढे नेमकं काय करायचं हे कुणालाच कळलं नसेल. निवेदनात पैसे मागितले आहेत की परवानगी, हे स्पष्ट नसलं की फाइल तिथेच थांबते. पैशांचा विषय आला की लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते) कोणतं, तरतूद आहे का, निविदा लागेल का, असे प्रश्न सुरू होतात आणि टिपणी लिहिणारा लिपिक ती बाजूला ठेवतो.

म्हणून पहिल्या वेळी एक रुपयाही मागू नका. तुम्ही सवलतीचा दर देणार, पैसे कर्मचारी स्वतः भरणार, आणि प्रशासनाने फक्त एक परिपत्रक काढायचं किंवा सूचनाफलकावर माहिती लावू द्यायची, एवढंच मागा. हा अर्ज सामान्य प्रशासन किंवा आस्थापना विभागाच्या उपायुक्तांकडे द्या. कामगार कल्याण अधिकारी असतील तर आधी त्यांना भेटा. नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि पंचायत समितीत गटविकास अधिकारी, म्हणजे तिथला रस्ता आणखी जवळचा.

त्याआधी एक पायरी आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. कर्मचारी संघटनेच्या आणि सेवक पतसंस्थेच्या पदाधिकाऱ्यांना जिममध्ये बोलवा, आठवडाभर व्यायाम करू द्या आणि काय आवडलं, काय खटकलं ते विचारा. मग इच्छुकांची सह्यांसह यादी तयार करा. ‘आमच्या 60 कर्मचाऱ्यांनी मागणी केली आहे’ या वाक्याने टिपणी सुरू झाली की लिहिणाऱ्याचाही हात मोकळा होतो.

अर्ज एका पानाचा असू द्या. जिमचा पत्ता आणि वेळा, सवलतीचा दर व मुदत, प्रशिक्षकांची पात्रता, आग प्रतिबंधक यंत्रणेची स्थिती आणि ‘या योजनेचा कोणताही आर्थिक भार महापालिकेवर पडणार नाही’ हे वाक्य, इतकं पुरे. सोबत शॉप ॲक्टचा कागद जोडा. 2017 च्या कायद्यात 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विसापेक्षा कमी कामगार असतील तर नुसत्या सूचनेची पावती चालते, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी लागते (आधी ही मर्यादा दहाची होती). अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर ती चालू स्थितीत असल्याचं सहामाही ‘ब’ नमुन्याचं प्रमाणपत्रही लावा. हे दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं, आणि नेमकं तेच शिळं निघतं.

पालिकेने वर्गणीचा काही वाटा उचलावा, अशी मागणी दुसऱ्या वर्षी करा. त्यासाठी प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होताना पोचला पाहिजे. आचारसंहिता लागली की नवा विषय कुणी हातात घेत नाही, तेवढं भान ठेवा.

प्रश्न: सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 6 नंतर माझी जिम भरलेली असते. दुपारी मशिन नुसत्या पडून असतात. पण सरकारी कर्मचारी दुपारी ऑफिसात असतात. मग या भागीदारीचा मला उपयोग काय? (नाशिक)

तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर बसणारा कर्मचारी आहे. त्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला तेव्हा कार्यालयीन वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी झाली. तीच वेळ पाळणाऱ्या कार्यालयातला माणूस तुमच्याकडे सकाळी नाहीतर संध्याकाळी, म्हणजे गर्दीतच येणार.

पण महापालिका म्हणजे फक्त ती इमारत नव्हे. सफाई कर्मचारी पहाटे हजेरी कोठीवर सही करतात आणि दुपारी मोकळे होतात. पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्हमन, उद्यानातले माळी, अग्निशमन दलाचे जवान, शहर बससेवेचे चालक-वाहक या सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. तुमच्या रिकाम्या वेळेला जुळणारी माणसं ही आहेत. आणि आजवर त्यांना जिमचं दार कुणी उघडून दिलेलं नाही, म्हणूनही मला हा भाग जवळचा वाटतो.

पाळीपत्रक हातात घ्या. जवळच्या हजेरी कोठीवर मुकादमाला भेटा आणि सुट्टी किती वाजता होते, घर किती लांब, जेवण कधी, हे विचारा. दीड-दोनला सुटणारा माणूस घरी जेवून झोपला की पुन्हा येत नाही. म्हणून वर्ग कामाच्या ठिकाणाजवळ आणि सुट्टीला लागूनच हवा, पाऊण तासाचा. अंघोळीची आणि कपडे बदलायची नीट सोय हवी. कचऱ्यात काम करून आलेल्या माणसाला ‘इतर मेंबर काय म्हणतील’ या विचाराने दाराबाहेर अडखळावं लागत असेल, तर बाकी योजनेला अर्थ नाही. तुमच्या स्वागतकक्षातल्या माणसाला हे आधी समजावून सांगा.

व्यायामही वेगळा लागेल. पाच-सहा तास झाडू मारून आलेल्या बाईला ट्रेडमिलवर चालायला लावणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिचं चालणं झालेलंच असतं. तिला हवं आहे खांदा आणि कंबर मोकळी करणं, पाठीचा मधला भाग आणि मांड्या बळकट करणं, आणि ओझं कसं उचलायचं ते शिकणं. चालकाचं उलट. तो आठ तास बसलेला, त्याचे खुब्याचे स्नायू आखडलेले, मान जखडलेली. त्याला चालणं, नितंबांचे आणि पाठीचे व्यायाम हवेत. अग्निशमनच्या जवानाला हाताची पकड, वजन घेऊन जिना चढणं आणि माणूस ओढत नेणं या ताकदीची गरज, तीसुद्धा ड्यूटीवर थकून जाणार नाही इतक्या बेताने. शक्य असेल तर महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट बोलवा.

नोंदणीच्या दिवशी प्रत्येकाचा रक्तदाब घ्या आणि आरोग्यविषयक प्रश्नावली भरून घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण 35.5 टक्के आणि मधुमेहाचं 11.4 टक्के आढळलं होतं. यातल्या अनेकांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नसतं. आकडा जास्त आला तर आधी डॉक्टर, मग वजन. यात तडजोड नको.

प्रश्न: दर किती कमी ठेवावा? जीएसटी कमी झाल्यामुळे जास्त सवलत परवडेल ना? (सांगली)

22 सप्टेंबर 2025 पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, हे बरोबर. पण त्यासोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, गेलं. जागेचं भाडं 50,000 आणि त्यावर 9,000 जीएसटी असेल, तर पूर्वी वळते करून घेता येणारे ते 9,000 आता तुमचा खर्च झाले. म्हणून 13 टक्के हातात आले असं समजून दर पाडू नका.

एक हिशेब मांडतो, आकडे तुमचे घाला. नेहमीची वर्गणी 1,200 आहे. दुपारच्या गटासाठी करासह 700 ठेवली. कर वजा जाता हातात साधारण 667 उरतात. दुपारसाठी अर्धवेळ प्रशिक्षक 12,000 आणि जादा वीज-पाणी-सफाई 5,000, एकूण 17,000. म्हणजे 25 सदस्यांवर खर्च थोडक्यासाठी निघत नाही, 26 वा आला की तोंडमिळवणी होते, आणि 40 झाले तर महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास उरतात. तेव्हा 30 जणांची आगाऊ नोंदणी झाल्याशिवाय दुपारची पाळी सुरू करू नका. आणि हा दर फक्त दुपारचा, हे करारात लिहा. नाहीतर तेच 40 जण संध्याकाळी येतील आणि पूर्ण पैसे भरणारे जुने सदस्य नाराज होतील.

प्रश्न: वर्गणी थेट पगारातून कापून मिळेल का? दर महिन्याला प्रत्येकाच्या मागे लागणं जमत नाही. (बारामती)

खाजगी जिमसाठी पगारातून कपात करायला लेखा विभाग सहसा तयार होत नाही, आणि त्यांचं चूक नाही. उद्या प्रत्येक दुकानदार तेच मागेल.

पण जवळपास प्रत्येक पालिकेत सेवक पतसंस्था असते आणि तिचे हप्ते पगारातून आधीपासूनच कापले जातात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 मध्ये याची सोय आहे. सभासदाने तसं लिहून दिलं असेल तर संस्थेचं येणं पगारातून कापून द्यावं लागतं. पतसंस्थेने सभासदाला वार्षिक वर्गणीपुरतं छोटं कर्ज द्यायचं, पैसे तुम्हाला द्यायचे आणि हप्ते नेहमीसारखे कापायचे. पोटनियमात हे बसतं का, ते संस्थेच्या सचिवांकडून आणि लेखापरीक्षकांकडून आधी तपासून घ्या.

एक आग्रह मात्र धरतो. वर्षाचे पैसे एकरकमी घेऊ नका, तिमाहीने घ्या. जिम बंद पडली किंवा कर्मचाऱ्याची बदली झाली तर त्याचे हप्ते चालूच राहतील आणि पतसंस्थेचं तुमच्यावरचं मन कायमचं उडेल. कंत्राटी कामगार तर बहुधा या पतसंस्थेचे सभासदच नसतात. सफाईत त्यांची संख्या मोठी असते. त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे ठेवा आणि दर तोच ठेवा. शेजारी-शेजारी झाडणाऱ्या दोघांत कायम आणि कंत्राटी असा भेद निदान आपल्या दारात तरी नसावा.

प्रश्न: पुढे पालिकेनेच पैसे द्यायचं ठरवलं तर बिलं वेळेवर निघतील का? (अकोला)

उशीर धरूनच चाला. तीन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय अशा कामात शिरू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. या कायद्यातली खरेदीदाराची व्याख्या व्यापक आहे, त्यामुळे बिल सादर करताना पत्रात उद्यम क्रमांक घाला. कार्यादेश हातात आल्याशिवाय एक दिवसही काम सुरू करू नका, तोंडी ‘करा सुरू, बघू’ यावर देयक निघत नाही. करार अडीच लाखांच्या वर गेला तर पालिका बिलातूनच 2 टक्के जीएसटी टीडीएस कापते. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की तुमच्या तिथल्या रोख खात्यात दिसते, बुडत नाही.

प्रश्न: आमच्या जिमचा एक भागीदार नगरसेवक आहे. त्याच्या ओळखीने काम लवकर होईल. शिवाय काही अधिकाऱ्यांना फुकट मेंबरशिप देण्याचा विचार आहे. (नाव-गाव नको)

दोन्ही करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार महापालिकेशी झालेल्या करारात नगरसेवकाचा हितसंबंध असेल तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे तुमच्या मित्राचं पद आणि तुमचा करार, दोन्ही एकाच तक्रारीवर उडतील. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला फुकट सदस्यत्व देणं ही तर लाच ठरू शकते, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही थेट गुन्हेगार आहे. उपायुक्तांना आणि शिपायाला एकच दर लावा. तो दरफलक भिंतीवर लावा म्हणजे कुणाला विचारायची सोयच उरत नाही.

प्रश्न: आमच्या नगरपरिषदेने एका जिमशी बोलणी केली आहेत. कर्मचाऱ्यांची हजेरी, वजन आणि साखरेचे रिपोर्ट दर महिन्याला आम्हाला मिळावेत, असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. करारात ती अट घालावी का? (एक आस्थापना लिपिक, विदर्भ)

तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. ही अट घालू नका. ज्या दिवशी कर्मचाऱ्याला कळेल की आपली साखर साहेबांच्या टेबलावर जाते, त्या दिवसापासून तो येणं बंद करेल. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो आधी बंद करेल. कुणाला फील्डवरून काढायचं, कुणाला कोणती पाळी द्यायची, यात ती माहिती वापरली जाईल ही त्याची भीती अनाठायी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 हाही संमतीशिवाय अशी माहिती फिरवायला मोकळीक देत नाही, आणि वरिष्ठाने पुढे सरकवलेल्या कागदावरची सही ही मोकळेपणाने दिलेली संमती मानणं अवघड आहे.

तरी योजना चालते की नाही हे नगरपरिषदेला कळायला हवंच. त्यासाठी जिमकडून नावांशिवाय एकत्रित आकडे घ्या. किती जणांनी नोंदणी केली, त्यातले किती जण महिन्यात आठ वेळा तरी आले, किती जणांनी सोडलं आणि साधारण का. विभाग लहान असेल तर विभागवार आकडेही नकोत, कारण चार जणांच्या विभागात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. वरिष्ठांना टिपणीत पर्याय म्हणून हेच तीन आकडे सुचवा. वैद्यकीय प्रतिपूर्तीवरचा एकूण वार्षिक खर्च तुमच्या लेखा विभागाकडे आहेच. दोन-तीन वर्षांनी तो या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येईल.

प्रश्न: आमच्या भागात पालिकेची व्यायामशाळा कुलूप लावून पडली आहे. ती चालवायला मिळेल का? (ठाणे)

मिळू शकते, पण ती ओळखीने किंवा अर्जावर मिळणार नाही. महापालिकेची मालमत्ता भाड्याने देण्यावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 ची बंधनं आहेत, त्यामुळे मालमत्ता विभागाची जाहीर प्रक्रिया होईल. आधी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागवा: ती सध्या कुणाच्या ताब्यात आहे, जुना करार संपला का, आणि वीज-पाण्याची थकबाकी किती. कितीतरी व्यायामशाळा कागदावर अजून एखाद्या मंडळाकडे असतात. छत गळत असेल तर दुरुस्ती कोण करणार हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय दर भरू नका.